अनुभव धागा : पटतं ते पाळताना सोबत कोण होतं?

मराठवाड्यातल्या मंडळींसाठी हा धागा. आपल्याला मनापासून जे पटतं ते रोजच्या जगण्यात पाळताना सोबत कोण आलं, आडवं कोण आलं, आणि आपण इथं कशासाठी आहोत हे त्यातून कधी उमगलं का, ते लिहा. उपदेश नको, घडलेलं सांगा. उपदेश करायला कीर्तनकार आहेत, आणि ते आपल्यापेक्षा बरा करतात.

औसा तालुका
मी लग्न होऊन आले ते किल्लारीच्या भूकंपानंतर. 30 सप्टेंबर 1993 असं आमच्याकडं कुणी म्हणत नाही, 'गणपती बुडवून झोपलो होतो ती रात' म्हणतात. 52 गावं उठवून नव्या जागी वसवली. आमच्या गावात घरं तडकलेली, पण उभी होती. त्यांच्या दुरुस्तीला सरकारी मदत आली आणि गावोगाव बायांना 'संवाद सहायक' नेमलं, त्यात मी. दगडमातीच्या भिंतीत आरपार दगड का बसवायचे, माळवदावरचा मातीचा थर का उतरवायचा, हे घरोघर सांगत फिरायचं. सासरे म्हणायचे, "सून गवंड्याला शिकवूलाली, उद्या मला नांगर धरायला शिकवंल."

एका वजनदार घराचं म्हणणं, थर तसाच राहू द्या, काम झालं म्हणून लिहा. माळवदाखाली माणसं कशी गेली ते ऐकून होते, खोटं लिहायला हात उठेना. पण एकटी असते तर किती दिवस तग धरला असता, देव जाणे. गटातल्या बाया म्हणाल्या, "तू बोलूच नको, आम्ही येतो." जाऊन त्यांच्या ओसरीवर बसल्या. चहा आला, पिल्या. परत आला, परत पिल्या. उठेनात. त्याच आठवड्यात थर उतरला. त्या घरची म्हातारीच नंतर आमच्या गटात आली, आणि सगळ्यात जास्त भांडायची तीच.

माजलगाव
आई-बप्पा कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला. दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडायला कारखान्यावर जायचे. मी आजीपाशी राहिलो म्हणून शिकलो. आता शिक्षक आहे, हंगामी वसतिगृहाचं काम बघतो. वसतिगृह म्हणजे आमच्याकडं इमारत नाही. लेकरं जेवतात शाळेत, झोपतात आजी-आजोबांकडं. गावात नसलेलं पोर हजेरीत दाखवायचं नाही, एवढं एकच तत्त्व पाळतो. ते टिकलं माझ्यामुळं नाही. भाकरी करणाऱ्या दोघी आज्या रोज ताटं मोजतात आणि आकडा मोठ्यानं सांगतात, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा.

परभणी
बैलं गेली तशी इर्जिकही गेली, म्हणजे पैसे न घेता एकमेकांच्या शेतात राबायची रीत. यंदा आजारी शेजाऱ्याचं सोयाबीन काढायला आम्ही चार घरची माणसं गेलो, तर त्यानं आधी विचारलं, "रोज किती घेणार?" राग नाही आला. सवयच मोडलीय. जेवू घाल म्हणालो.

छत्रपती संभाजीनगर
वरचं वाचून बरं वाटलं. पण 'गाव पाठीशी होतं' हे सगळ्यांना लिहिता येत नाही. 1978 ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. वडिलांनी गाव सोडलं ते तेव्हा. त्यांना माणसं मिळाली ती मिलिंद कॉलेजच्या वसतिगृहात. गाव जन्मानं मिळतं, समाज शोधावा लागतो, असं ते म्हणतात. मला अर्धंच पटतं, कारण शोधायलाही भाडं लागतं. दर 14 जानेवारीला, नामविस्तार दिनाला, विद्यापीठाच्या गेटवर जातो. वडील भाषणं ऐकत नाहीत, पुस्तकांच्या स्टॉलांवर जुने सोबती हुडकतात. त्यातल्याच काहींनी मिळून वस्तीत अभ्यासिका काढली. संध्याकाळी मी तिथं गणित शिकवतो. नोकरीत बढती मिळाली तेव्हाही एवढं आपलं काही वाटलं नव्हतं.

अंबाजोगाई तालुका
2016 ला पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपचं, गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेचं, पहिलं वर्ष, राज्यात तीनच तालुके, त्यात आमचा. तिकडं लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, इकडं आम्ही पहाटे टिकाव-फावडं घेऊन समतल चर खोदत होतो. ते सोपं होतं. गाणी, फोटो, पाहुणे, सगळं होतं. अवघड पुढं झालं. विहिरींना पाणी आलं आणि पाण्यामागं ऊस आला. नवं बोअर घ्यायचं नाही हे ग्रामसभेत ठरलं होतं, तेही मोडलं. मी तूर आणि हरभऱ्यावर राहिलो. सख्खा भाऊ म्हणतो, "तुझ्या एकट्याच्या तुरीनं किती पाणी वाचतंय?" बरोबर आहे त्याचं. म्हणून एकट्यानं करत नाही. आमची सहा-सात घरं आहेत, बियाणं एकत्र आणतो, डाळ एकत्र विकतो. कुणाच्या गावात पाण्याचा ताळेबंद फळ्यावर मांडतात का? आमचा दरवर्षी भांडणातच संपतो.

जालना (वरच्यांना)
कडवंचीला चक्कर मारा. पाणलोटाचं काम आधी, शेततळी आणि द्राक्षं मागून, असं तिथं झालं. तुमच्या भावालाही आणा, तूर नाही तर द्राक्षं बघायला तरी येईल. जालन्यापासून पुढं गाडी माझी, डिझेल वाटून घेऊ.