मास बरोबर, पण बीटाचं डब्लेट कुठे गेलं?

प्रश्न (साखरेत_अडकलेली):
तीन आठवडे एकाच डायसॅकराइडवर (दोन साखरा जोडून होणारा रेणू) अडकले आहे. डोनर (जी साखर आपल्या सी-१ ने जोडली जाते ती) ग्लुकोजचा ट्रायक्लोरोॲसिटिमिडेट, बाकी चारही ओएचवर ॲसिटेट. ॲक्सेप्टर (जिच्या ओएचला ती जोडायची ती साखर) बेंझिल लावलेला मिथाइल ग्लुकोसाइड, फक्त ४-ओएच मोकळा. डीसीएम सॉल्व्हंट, पाणी शोषायला ४ अँगस्ट्रॉम सीव्ह, उणे ४० अंश, आम्ल उत्प्रेरक टीएमएसओटीएफ ०.०५ इक्विव्हॅलंट. अर्ध्या तासात डोनर संपतो, टीएलसीवर (पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) एकच देखणा नवा स्पॉट, मास स्पेक्ट्रममधलं वस्तुमानही डायसॅकराइडचंच. मी तर आनंदाने गाईडना मेल टाकून मोकळी झाले!

मग प्रोटॉन एनएमआर (हायड्रोजनांचे सिग्नल दाखवणारा स्पेक्ट्रम) काढला. सी-१ च्या नव्या बंधाच्या अल्फा आणि बीटा अशा दोन दिशा असतात; सी-२ वर ॲसिटेट आहे म्हणजे बीटाच यायला हवा, एच-१ चं साधारण ८ हर्ट्झचं डब्लेट (दोन रेषांचा सिग्नल). मला मिळालं ५.७ पीपीएमला, ५ हर्ट्झचं. अल्फा म्हणावं तर इतकं डाउनफील्ड (जास्त पीपीएमला) कसं? शिवाय कॉलममध्ये बराच माल तुटतो.

उत्तर (जुना_फ्लास्क):
अल्फा नाही, ऑर्थोएस्टर (एकाच कार्बनवर तीन ऑक्सिजन असलेला) आहे. वस्तुमान तेच, म्हणून मासने फसवलं. सी-२ चा ॲसिटेट वळून सी-१ ला चिकटतो; तुमच्या ॲक्सेप्टरने सी-१ ऐवजी त्या ॲसिटेटच्याच कार्बनवर हल्ला केला. एक मिथाइल १.७ पीपीएमजवळ सरकलाय का बघा, आणि कार्बन एनएमआरमध्ये १२१ च्या आसपास चतुर्थक कार्बन शोधा. कॉलमच्या सॉल्व्हंटमध्ये १ टक्का ट्रायइथाइलअमाइन घाला, सिलिकाचं आम्ल त्याला सोसत नाही.

आम्ल कमी पडतंय. ४ अँगस्ट्रॉम सीव्ह स्वतः थोडे अल्कधर्मी असतात, तेच तुमचं ट्रायफ्लेट (टीएमएसओटीएफ) खातात. ॲसिड-वॉश्ड सीव्ह घ्या, आम्ल वाढवा, ० अंशापर्यंत येऊ द्या. ऑर्थोएस्टर बीटात बदलतो.

उत्तर (बेंझॉइल_बरा):
बदलतो, पण जपून. ४-ओएच मुळातच आळशी, त्यामुळे ॲसिटाइल उचलून ॲक्सेप्टरवर बसतं. मी सरळ बेंझॉएटचा डोनर करीन. पुढे झेम्प्लेनला (मिथॉक्साइडने एस्टर काढायला) जास्त वेळ लागतो, एवढंच.

साखरेत_अडकलेली:
१.७ ला मिथाइल आहे, १२१ लाही रेष आहे. उरलेल्या मालावर टीएमएसओटीएफ ०.१ इक्विव्हॅलंट टाकून ० अंशाला आणलं: बीटाचं ८ हर्ट्झचं डब्लेट दिसलं, पण सोबत ॲसिटाइल लागलेला ॲक्सेप्टरही, त्याचा एच-४ थेट ५ पीपीएमजवळ. आज बेंझॉएटचा डोनर लावलाय. गाईडना दुसरी मेल अजून केलेली नाही.