प्राथमिक फेरी काढून टाकली की झालं?
अमेरिकेतल्या अनेक शहरांत नोव्हेंबरच्या मुख्य मतदानाआधी उमेदवार गाळायला प्राथमिक फेरी होते. "ही फेरीच रद्द करा, एका निवडणुकीचा खर्च वाचेल" हे म्हणणं पटतं, पण अर्धंच. तिथल्या मिनियापोलिस शहराने २००९ पासून पसंतीक्रमाचं मतदान (मतदार पहिली, दुसरी अशी पसंती देतो; मागे पडलेला बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात) आणून तेच केलं. मग २०१३ मध्ये महापौरपदाला उभे राहिले ३५ जण! अर्जाची फी होती अवघी २० डॉलर, त्यामुळे हौशे-नवशे-गवशे सगळेच आले. मतदाराने पसंती द्यायची मात्र तिघांनाच. मोजणी दोन दिवस चालली, तेव्हा कुठे बेट्सी हॉजेस निवडून आल्या. पुढच्याच वर्षी फी ५०० डॉलरवर नेण्यात आली.

तरीही मला हाच मार्ग बरा वाटतो. प्राथमिक फेरीला फिरकतात मोजके लोक, आणि नोव्हेंबरात कोणातून निवडायचं हे तेच ठरवून बसतात. फक्त फीचा विषय आधी मिटवा.