डोंगरातल्या 'बिव्हाको'ला मराठीत काय म्हणावं?

कातळमाची: डोंगरात उंचावर गिर्यारोहकांसाठी बांधलेली, राखणदार नसलेली, दाराला कुलूप नसलेली खोली. इटलीत तिला 'बिव्हाको' म्हणतात. आओस्ता खोऱ्यातल्या चढाईवरचा लेख मराठीत आणतोय आणि याच शब्दाशी अडलोय. 'झोपडी' म्हटलं की कुणाचं तरी राहतं घर वाटतं. 'विश्रामगृह' म्हटलं की खानसामा आला, धुतलेल्या चादरी आल्या.

रानवारा: 'बिव्हॉक' असंच ठेवा की. आपल्याकडच्या गिर्यारोहकांना कळतो.

दगडफूल: कळतो, पण वेगळ्या अर्थानं. आपण 'बिव्हॉक केला' म्हणतो तेव्हा कड्यावर, उघड्यावर रात्र काढलेली असते. मुळात तो फ्रेंच शब्द, त्याच्यामागे जर्मन 'बायवाख्ट', म्हणजे रात्रीचा जादा पहारा. 1920च्या दशकात इटालियन गिर्यारोहकांनी अशा मुक्कामांच्या जागी लहान पक्क्या खोल्या बांधायला घेतल्या, म्हणून 'बिव्हाको फिस्सो', पक्का बिव्हाको. नुसतं 'बिव्हॉक' लिहिलंत तर छप्परच उडतं.

रानवारा: मग सरळ 'निवारा'?

दगडफूल: मला तो चालणार नाही, आणि कारण महत्त्वाचं आहे. आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखराच्या हॉर्नली धारेवर 4003 मीटरवर सोल्व्हे नावाची खोली आहे, 1915 साली बांधलेली, दहा जणांपुरती. तिथे ठरवून राहायचं नसतं. वादळानं गाठलं, कुणी जखमी झालं, तरच. माँ ब्लाँवरचं 4362 मीटरवरचं व्हालोही तसंच. हे खरे निवारे. बिव्हाकोत माणसं बेत करून जातात: संध्याकाळपर्यंत पोचायचं, स्टोव्हवर बर्फ वितळवून पाणी करायचं, फळीवरच्या गादीवर चार तास पाठ टेकायची आणि डोक्याला टॉर्च बांधून अंधारातच निघायचं. तिथे 'निवारा' लिहिलंत तर वाचकाला वाटेल, मंडळी संकटात सापडली आहेत.

पाणवठा: स्कॉटलंडमधल्या 'बॉथी'ही याच जातीच्या. मेंढपाळांची, शेतमजुरांची ओस पडलेली घरं. 1965 साली स्थापन झालेली एक संस्था स्वयंसेवकांच्या बळावर त्यांतली बरीच सांभाळते. भाडं नाही, आरक्षण नाही. कचरा पाठीवर घेऊन उतरायचं, शौचाला फावडं घेऊन पाण्यापासून लांब जायचं, मागून येणाऱ्यासाठी सुकं जळण ठेवायचं. मला तर 'धर्मशाळा' आठवली. नाव-गाव न विचारता जागा देणारी.

दगडफूल: भाव अगदी तोच, आणि तो शब्द मला फार प्रिय आहे. पण धर्मशाळेत व्यवस्था बघायला कुणीतरी असतं, वाट यात्रेची असते. इथे व्यवस्थापक म्हणजे काल रात्री राहून गेलेला माणूस.

सांजसावली: एसटीची 'वस्तीची गाडी' असते ना? रात्री गावात थांबते, पहाटे सुटते. हरिश्चंद्रगडाच्या लेण्यांत 'वस्तीला होतो' असंही आपण सहज म्हणतो. 'वस्तीची खोप' म्हणा. शेताच्या राखणीची खोपही कुणाचं घर नसतं.

कातळमाची: 'वस्ती' म्हणजे लोकांना पाडा वाटणार नाही?

सांजसावली: एकटा शब्द आला तर वाटेल. 'वस्तीला', 'वस्तीची' म्हटलं की रात्रीचाच मुक्काम.

रानवारा: 'खोप' मात्र गवता-कुडाची. यातल्या बऱ्याच लाल पत्र्याच्या पेट्या आहेत, तारांनी खडकाला आवळलेल्या. 'वस्तीची खोली' करा.

कातळमाची: हे पटलं. पहिल्यांदा 'बिव्हाको' आणि दोन वाक्यांत वर्णन, पुढे सगळीकडे 'वस्तीची खोली'. लेखात 'विंटरराउम'ही आहे. मोठ्या 'हट'चा, म्हणजे डोंगरातल्या राखणदार असलेल्या मुक्कामघराचा, रखवालदार हंगाम संपवून खाली उतरतो, तेव्हा उघडा ठेवलेला भाग.

पाणवठा: 'हिवाळी खोली', सरळ. फक्त तिथे मुक्कामाचे पैसे द्यायचे असतात, समोर कुणी नसलं तरी. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी पेटी असते. ते वाक्य गाळू नका.