जाड तार घातली म्हणजे डोलकाठी वाचते का?

गोदाकाठ: काल शीडप्रेमी यांनी लिहिले की शिडाच्या होडीची डोलकाठी पडते ती तिला बाजूंनी ताणून धरणारी तार, म्हणजे श्राउड, बारीक असल्यामुळे, तेव्हा एक माप जाड तार घालावी आणि टर्नबकल (तार ताणायचा पेचाचा सांधा) फिरेल तितका आवळावा. हा सल्ला घातक आहे. श्राउड जितका आवळाल तितकी काठी खाली दाबली जाते, आणि अतिरेक झाला की ती मधोमध बाक धरते. १९ पदरी तारेवर २ मीटर अंतर आखून घ्या; ते १ मिलिमीटरने वाढले की तुटण्याच्या भाराच्या सुमारे ५ टक्के ताण आला. मी ३ मिलिमीटरवर थांबतो. गंगापूर धरणात माझी डोलकाठी पडली तेव्हा तार धडधाकट होती. पुढच्या शिडाचा दोर अडकून तार जोडणाऱ्या पिनेची कडी निघाली, पिन सरकली आणि नखाएवढ्या कडीपायी अख्खी काठी पाण्यात गेली.

शीडप्रेमी: धरणातल्या अनुभवावर समुद्राचे नियम ठरवू नका. सैल तारेला लाटेगणिक हिसका बसतो. एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरलेल्या अभिलाष टॉमी यांच्या 'थुरिया' या होडीची डोलकाठी २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात मोडली, ती काय कडी निघाली म्हणून?

गोदाकाठ: 'थुरिया' वादळात उलटली होती. त्या लाटेपुढे तुमची एक माप जाड तारही टिकली नसती. टॉमी यांचे नाव अशा वादात ओढू नये, एवढीच विनंती.

निळीलाट: दोघेही तारेवरच अडून बसला आहात. स्टेनलेस स्टील टिकते ते ऑक्सिजनमुळे. श्राउड धरणारी पट्टी डेकमधून जिथे खाली उतरते तिथे खारे पाणी मुरले आणि हवा पोचली नाही, की वरून लखलखणारी पट्टी आतून चिरते. मी घेतलेल्या जुन्या होडीच्या तारा खरोखरच नव्या होत्या, पण पट्टी उपसली तेव्हा ती दोन तुकड्यांत हातात आली. पट्टी बदलली आणि श्राउडही डायनीमाचे, म्हणजे मजबूत कृत्रिम धाग्याच्या दोराचे, केले. त्याला गंज नाही.

शीडप्रेमी: गंज नाही, पण सतत ताणाखाली डायनीमा हळूहळू लांबतो आणि दोर घासला की झिजतो, हे का लिहीत नाही?

निळीलाट: लांबतो, हे मान्य. म्हणून मी एक माप मोठा दोर घेतला आणि दर महिन्याला ताण तपासते. तुम्ही पट्टी शेवटची कधी काढून पाहिलीत, ते आधी सांगा.

शीडप्रेमी: आठ वर्षांत एकदाही नाही. पावसाळ्यानंतर होडी पाण्याबाहेर काढीन तेव्हा पाहीन. जाड तारेबद्दलचे माझे मत मात्र बदललेले नाही.

गोदाकाठ: मग पिन, टर्नबकल आणि पट्टीही त्याच मापाची घ्या, आणि उंचावर वाढलेल्या वजनाने होडी किती अधिक कलते ते पहिल्याच वाऱ्यात बघा.