शेक चालू, भात बंद?
व्हेचा (म्हणजे दुधापासून काढलेल्या प्रोटीन पावडरीचा) शेक घेऊनही जिमनंतर दिवसभर अंग गळून जातं म्हणताय, पण भात-पोळी बंद केलीय हेही तुम्हीच लिहिलंय. गोम तिथेच असावी. व्यायामात स्नायूंमधलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) खर्च होतं आणि ते भरून काढतात कर्बोदकं. व्हेच्या एका स्कूपमध्ये प्रोटीन साधारण २४ ग्रॅम, कर्बोदकं जेमतेम दोन-तीन. शेकमध्ये एक केळं घाला, नाहीतर घरी येऊन सरळ वरणभात हाणा, वर लिंबू पिळून. घाम फार येत असेल तर मीठ घातलेलं ताक. व्हेचा डबा महाग पडत असेल तर ५० ग्रॅम सोयाबीन वड्यांतही २५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळतं (रस्सा झणझणीत हवा, नाहीतर घशाखाली उतरत नाहीत!). एवढं करूनही थकवा राहिलाच तर हिमोग्लोबिन तपासा. शाकाहारी असाल तर व्हिटॅमिन बी-१२सुद्धा.