डेल्सफर्ड: वॉरन हेस्टिंग्जचे गाव, मॅनर आणि परिसर

साष्टीकर (ठाणे)
ठाण्याच्या किल्ल्यावर, म्हणजे आजच्या मध्यवर्ती कारागृहाच्या वास्तूवर, टिपण लिहिताना मी वॉरन हेस्टिंग्जपाशी येऊन अडलो आहे. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेतला तेव्हा तो नुकताच गव्हर्नर जनरल झाला होता आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली तेव्हाही त्या पदावर तोच होता. पुढे त्याने इंग्लंडमध्ये डेल्सफर्ड येथे हवेली बांधली. हिंदुस्थानातल्या पैशावर उभा राहिलेला वाडा, एवढीच तिची ओळख आपल्याकडे सांगितली जाते. त्याआधी त्या गावात काय होते आणि त्याचा माग कोणत्या कागदांतून काढावा?

दप्तरदार
हवेली आणि मॅनर यांची गल्लत आधी टाळावी. मॅनर म्हणजे जमीन, तीवरची कुळे, त्यांच्याकडून येणारे देणे आणि त्यांचे व्यवहार नोंदवणारे तिचे न्यायालय, असा हक्कांचा एकत्रित संच असे. मालकाचे घर हा त्यातला केवळ एक भाग. १०८६ च्या डूम्सडे पाहणीत (इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमीन-महसुलाच्या नोंदीत) डेल्सफर्ड वुस्टरच्या चर्चच्या जमिनींत मोडते. हेस्टिंग्ज घराण्याचा तिथला संबंध जुना होता, परंतु सतराव्या शतकातील यादवी युद्धात राजाची बाजू घेतल्यामुळे घराणे खालावले आणि १७१५ मध्ये मॅनर ब्रिस्टलच्या एका व्यापाऱ्याला विकावी लागली. उरले ते गावच्या चर्चमधील धर्मोपदेशकाचे पद, आणि ते वॉरनच्या आजोबांकडे होते. १७३२ मध्ये जवळच्याच चर्चिल गावी जन्मलेला आणि आईच्या मायेला लगेचच पारखा झालेला हा मुलगा आजोबांकडे वाढला. गेलेले वतन सोडवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या झुरणारी घराणी आपणही पाहिली आहेत. १७८८ मध्ये त्याने डेल्सफर्ड परत विकत घेतले त्यामागची ओढ त्याच जातीची होती, असे मला वाटते. त्याच वर्षी पार्लमेंटमध्ये त्याच्यावरील महाभियोगाची सुनावणी सुरू झाली. १७९५ मध्ये तो निर्दोष सुटला खरा, पण खटल्याच्या खर्चाने इतका खंगला की कंपनीने त्याला वर्षाला ४,००० पौंडांचे वेतन बांधून दिले.

नौपाड्याचा वाचक
ओढ मान्य केली तरी पैसा बंगालमधूनच आला होता, हे त्या ओढीने झाकले जाऊ नये. सॅम्युअल पेपिस कॉकरेलने आखलेल्या त्या हवेलीत टॉमस बँक्सने घडवलेली, भारतीय स्त्रियांच्या आकृती असलेली संगमरवरी शेकोटी होती, हस्तिदंती आसने होती आणि विल्यम हॉजेसने रंगवलेली हिंदुस्थानची दृश्ये होती. (हिमालयापलीकडून आणवलेला एक याकही त्याच्याकडे होता आणि जॉर्ज स्टब्सने त्याचे चित्र काढले, ग्रामस्थांना काय वाटले असेल कोण जाणे!)

तुमच्या टिपणासाठी मात्र एक भेद आवश्यक आहे. ठाण्यावरील स्वारी मुंबई कौन्सिलने आपल्या जबाबदारीवर केली. राघोबादादांशी १७७५ मध्ये झालेला सुरतेचा तह कलकत्त्याच्या कौन्सिलने अमान्य केला आणि १७७६ मध्ये पुरंदरचा तह घडवला. वडगावच्या नामुष्कीनंतर गॉडर्डने चालवलेली मोहीम, १७८० मधील वसईचा पाडाव आणि सालबाई यांचे उत्तरदायित्व हेस्टिंग्जकडे जाते. किल्ला घेतल्याचे मात्र नाही.

मोडी ते लॅटिन
कागदांविषयी लिहितो. डेल्सफर्ड आज ग्लॉस्टरशरमध्ये असले तरी १९३१ पर्यंत ते वुस्टरशरचा सुटा तुकडा होते, त्यामुळे जुनी नोंद वुस्टरच्या नावाखाली शोधावी. ग्लॉस्टरच्या सूचीत हात रिकामे राहण्याचा संभव मोठा. मॅनरच्या न्यायालयाच्या नोंदींच्या गुंडाळ्या १७३३ पर्यंत प्रायः लॅटिनमध्ये आहेत. कुळाचा हक्क याच गुंडाळीतील नोंदीवर उभा असे आणि तिची नक्कल हाच त्याचा पुरावा. ही पद्धत १९२६ च्या आरंभी संपली. अशा कागदांचा ठावठिकाणा सांगणारी नोंदवही लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आहे आणि ती संगणकावर पाहता येते.

परिसरातले सेझिन्कोट वगळू नका. त्याच कॉकरेलने आपल्या भावासाठी १८०५ च्या सुमारास तेथे घुमट आणि छत्र्यांसह उघड मोगल वळणाचे घर उभारले. डेल्सफर्डला बाहेरून केवळ एका घुमटाचा इशारा आहे. गावच्या चर्चबाबत सावध राहावे. हेस्टिंग्जने १८१६ मध्ये ते नव्याने बांधले आणि १८६० च्या आसपास पिअर्सन या वास्तुकाराने ते पुन्हा बांधले, म्हणून आजच्या इमारतीवरून आजोबांच्या काळाविषयी काही ठरवू नये. त्यासाठी चर्चमध्ये ठेवलेल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्याच पाहाव्यात.