घोड्याला कोल्ड लेझर: पाय बरा होतो की नुसती कळ दबते?

वाईकर:
पाचगणीतल्या ओळखीच्या एका घोडेवाल्याच्या कुणीतरी डोक्यात भरवलंय की कोल्ड लेझर घ्या, म्हणजे दुखऱ्या जागी वरून लेझरचा उजेड मारायचा उपचार, घोडा पुन्हा पळायला लागेल, आणि तो बिचारा पैशाची जुळवाजुळव करतोय म्हणून हा धागा. मी घोडा बघितला. पुढचा डावा पाय टेकला की मान वर उडते, म्हणजे लंगडतोय हे नक्की, पण का लंगडतोय हे कुणी बघितलंच नाही. खुरात पू झालाय, नाल चुकीची बसलीय की पायाची मागची शीर (टेंडन, स्नायू हाडाला जोडणारी दोरी) सुजलीय? पू असेल तर वाट करून बाहेर काढावा लागतो, वरून उजेड मारून काय होणार? आधी निदान, मग लेझर.

मिरजकर_घोडीवाले:
दादा, न वापरता नावं ठेवू नका. आमच्या शर्यतीच्या घोडीची शीर सुजलेली, डॉक्टरांनी सोनोग्राफी करून मगच लेझर सुरू केला. पायाला हात लावू देत नव्हती, आता खरारा करताना स्वतःहून पाय उचलून देते. फेनिलब्युटाझोन हे घोड्याचं कळ मारायचं औषध जास्त दिवस दिलं की पोटात अल्सर होतात, किडनीवर ताण येतो, ते चालतं का? आणि हे काल आलेलं फॅड नाही, 1967 मध्ये हंगेरीत एंद्रे मेस्टर यांनी उंदरांवर लेझर मारला तेव्हा भादरलेले केस लवकर उगवले, तिथनं हे सगळं सुरू झालं.

वाईकर:
तुमच्याकडं सोनोग्राफी झाली, मी तेच तर म्हणतोय! पण उंदराच्या पाठीवर केस उगवणं वेगळं आणि घोड्याची शीर सांधणं वेगळं. हा उजेड आत जाऊन जाऊन जातो किती, काही सेंटीमीटर, त्यात काळे दाट केस असले तर बराचसा वरच शोषला जातो, मग पुठ्ठ्याच्या खोल सांध्यापर्यंत काय पोचणार. घोडीला त्या काळात विश्रांती पण दिली असणार ना? मग गुण कशाचा? फाटलेली शीर भरायला 9 ते 12 महिने जातात, कळ थांबली म्हणून मालकानं मधेच पळवली की परत तिथंच फाटते. मला भीती त्याची आहे.

कृष्णाकाठ:
जनावरांच्या दवाखान्यात काम करतो म्हणून एक सांगतो, 500 मिलिवॅटच्या वरचं मशीन क्लास 4 मध्ये, म्हणजे लेझरच्या सगळ्यात धोक्याच्या वर्गात येतं, ते गरम होतं, एका जागी धरून ठेवलं तर कातडी भाजते. चष्मा माणसाला पाहिजेच, घोड्याचे डोळे पण झाकायचे. गाठ कॅन्सरची असेल तर त्यावर अजिबात मारायचा नाही. शिकल्याशिवाय कुणी हातात धरू नये.

टेबललँडवाला:
सगळं पटतंय, पण सीझनमध्ये घोडा उभा राहिला तर चंदीचे पैसे कोण देणार? वर पठारावर सगळा जांभा दगड, पाय दुखणारच. गरीब माणूस आशेनं जातो हो लेझरकडं.

वाईकर:
म्हणूनच तर जीव तुटतो! त्याच पैशात गाडी करून शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजला घोडा दाखवून आणता येईल. मी बरोबर यायला तयार आहे, सांगा त्याला.

मिरजकर_घोडीवाले:
घेऊन जा की, आणि शीरच निघाली तर तिथल्या डॉक्टरांना लेझरचं पण विचारा. आमच्या घोडीची कळ गेलेली मी डोळ्यांनी बघितलीय, ती कशानं गेली यावर तुम्ही वाद घाला.